कवच टाकलेल्या गोगलगायी : ओळखीच्या शास्त्राची प्रस्तावना

समुद्रात राहणाऱ्या, पोटाखालच्या मांसल पायावर सरकणाऱ्या आणि वाढत्या वयात कवच टाकून देणाऱ्या किंवा ते कातडीखाली लपवणाऱ्या मृदुकाय प्राण्यांना मराठीत ढोबळपणे समुद्री गोगलगायी म्हटले जाते. ही संज्ञा सोयीची असली तरी काटेकोर नाही. उदरपाद वर्गाच्या, म्हणजे शंख, कवड्या आणि गोगलगायी ज्यात मोडतात त्या वर्गाच्या इतिहासात कवच गमावण्याची घटना एकदा नव्हे तर अनेकदा, एकमेकींशी निकटचा संबंध नसलेल्या शाखांमध्ये स्वतंत्रपणे घडलेली आहे, आणि त्यामुळे दोन मऊ, रंगीत, बोटाच्या पेराएवढे प्राणी शेजारी शेजारी सरकताना दिसले तरी ते एकाच कुळातले आहेत असे गृहीत धरता येत नाही. अशा प्राण्याची ओळख कशी पटवावी, कोणते लक्षण आधी पाहावे, कोणत्या लक्षणावर विसंबू नये आणि नाव कुठवर नेऊन थांबवावे, हा या विषयाचा गाभा आहे. पुढील विवेचन मुख्यतः पनवेल आणि रायगडच्या वाचकासमोर ठेवलेले असल्याने उदाहरणे शक्य तिथे कोकणपट्टीतूनच घेतली आहेत.

पनवेल हे खाडीकाठचे गाव. गाढी नदीचे पाणी जिथे भरतीच्या पाण्यात मिसळते तिथून मुंबई बंदराच्या दिशेने पसरलेली पनवेलची खाडी गाळाने भरलेली, गढूळ आणि तिवरांनी वेढलेली आहे. तिच्यात पोहण्याचा चष्मा लावून खाली पाहिले तर स्वतःचा हातही धड दिसणार नाही. प्रवाळ पाहण्यासाठी पनवेलकर दक्षिणेकडे जातो, आणि त्यासाठी त्याला लांबची आखणी करावी लागत नाही, कारण कन्याकुमारीपर्यंत जाणारा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ६६ पनवेललाच सुरू होतो आणि कोकण रेल्वेच्या गाड्या पनवेलला थांबून कणकवली, सिंधुदुर्ग, कुडाळकडे जातात. तिथून मालवण जवळ. मालवणच्या समुद्रात, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासच्या उथळ पाण्यात, नळीतून श्वास घेत पृष्ठभागावर तरंगत खालचा तळ न्याहाळण्याची, म्हणजे स्नॉर्केलिंगची सोय गेल्या काही दशकांत चांगली रुळली आहे, आणि मराठी माणसाला जिवंत समुद्री गोगलगाय पाण्याखाली पाहायला मिळण्याची शक्यता महाराष्ट्रात सर्वाधिक कुठे असेल तर ती इथेच.

‘प्रवाळभित्ती’ हा शब्द मालवणबाबत जपून वापरला पाहिजे. लक्षद्वीपात दिसते तशी, प्रवाळांच्या चुनखडी सांगाड्यांनीच रचलेली सलग भिंत महाराष्ट्राच्या किनाऱ्याला लागून नाही. इथे कातळ आहे, आणि त्या कातळावर पोरायटीस, गोनिओपोरा, फेवायटीस यांसारख्या प्रजातींच्या प्रवाळ वसाहती तुकड्यातुकड्यांनी वाढलेल्या आहेत. मालवण सागरी अभयारण्य १९८७ मध्ये घोषित झाले आणि त्याचे क्षेत्र सुमारे २९ चौरस किलोमीटर आहे. विजयदुर्गच्या पश्चिमेला शंभरएक किलोमीटरवर खोल समुद्रात आंग्रे घराण्याच्या नावाने ओळखले जाणारे अँग्रिया बँक हे बुडालेले पठार आहे आणि तिथले प्रवाळ अधिक समृद्ध आहेत; पण त्यासाठी पाण्याखाली श्वसनाची टाकी घेऊन उतरावे लागते, आणि हौशी पाहणाऱ्याच्या आवाक्यातला तो भाग नव्हे. गोगलगायीच्या दृष्टीने कातळ आणि भित्ती हा भेद तितकासा महत्त्वाचा नाही. तिला हवे असते ते तिचे खाद्य, म्हणजे स्पंज, हायड्रॉइड, ब्रायोझोआ किंवा शैवाल, आणि हे सगळे कोकणातल्या कोणत्याही चांगल्या खडपावर मिळते. उरणचा पीरवाडीचा किनारा, अलिबागचा कुलाबा किल्ला जिथे ओहोटीत पायी जाता येते, किहीम, रेवदंडा, कोर्लई, मुरूड या सर्व ठिकाणी ओहोटीनंतर उघडी पडणारी डबकी हीच पनवेलच्या अभ्यासकाची खरी प्रयोगशाळा आहे, आणि तिच्यासाठी पोहता येण्याचीही गरज नाही.

ओळखीचे काम सुरू होते ते एका नकारात्मक प्रश्नाने: समोरचा प्राणी खरोखर समुद्री गोगलगाय आहे का? रायगडच्या किनाऱ्यावर हा प्रश्न पुस्तकी नाही. खाडीच्या गाळात आणि भरतीरेषेच्या खडकांवर एक मळकट, चामखिळींनी भरलेला, अंगठ्याएवढा प्राणी ओहोटीच्या वेळी सरकताना सर्रास दिसतो, आणि पाहणारा त्याला लगेच न्यूडिब्रँक, म्हणजे उघड्या कल्ल्यांची समुद्री गोगलगाय, म्हणून मोकळा होतो. हा ऑन्किडिअम किंवा त्याच्या कुळातला पेरोनिया असतो. ऑन्किडिअम या प्रजातीचे पहिले शास्त्रीय वर्णन फ्रान्सिस ब्युकॅनन याने १८०० मध्ये बंगालमधल्या पाणकणसाच्या पानांवर सापडलेल्या प्राण्यावरून केले, म्हणजे हे नाव मुळात भारतीय मातीतले आहे. हे कूळ हवेत श्वास घेणाऱ्या गोगलगायींचे, बागेतल्या शेंबड्या गोगलगायीच्या अधिक जवळचे. त्यांच्या शरीरात फुप्फुसासारखी पोकळी असते आणि तिचे छिद्र मागच्या टोकाला, खालच्या बाजूस असते. डोक्यावर दोन शिंगे दिसतात, पण त्यांच्या टोकावर डोळे असतात. गोंधळ वाढवणारी गोष्ट अशी की पेरोनियाच्या पाठीच्या मागच्या भागावर झाडाच्या फांद्यांसारखे कल्ले असतात आणि पाठीवरच्या काही चामखिळींवर साधे डोळेही असतात, त्यामुळे नुसते ‘पाठीवर कल्ले आहेत’ या लक्षणावर निर्णय देणारा इथे हमखास फसतो. अशा वेळी शरीरापेक्षा वागणूक अधिक खात्रीची साक्ष देते. ऑन्किडिअमच्या कुळातले प्राणी पाणी ओसरल्यावर बाहेर येऊन उघड्या, ओल्या पृष्ठभागावरची सूक्ष्म शैवले खरवडतात आणि भरती येण्याआधी फटीत परततात. न्यूडिब्रँक मात्र ओहोटीत पाण्याच्या डबक्यात किंवा दगडाच्या ओल्या खालच्या बाजूला दबून बसतो, आणि उघड्यावर राहिला तर अंग आक्रसून जवळजवळ निश्चल होतो. पनवेल खाडीच्या काठी जे दिसते ते बहुधा यांतले पहिले.

दुसरा तोतया म्हणजे चपटा कृमी. पॉलिक्लॅड गटातले सागरी चपटकृमी रंगाने इतके झगझगीत असतात आणि काही तर विशिष्ट समुद्री गोगलगायींच्या रंगाची इतकी हुबेहूब नक्कल करतात की छायाचित्रात अनुभवी डोळाही क्षणभर अडखळतो. कृमी कागदासारखा पातळ असतो, त्याला वेगळा पाय नसतो, पाठीवर कल्ले नसतात आणि त्याच्या डोक्यावर जी शिंगे वाटतात त्या शरीराच्या काठाच्या दुमडी असतात. गोगलगायीची शिंगे मात्र पाठीतून स्वतंत्रपणे उगवलेली असतात. त्यांना शास्त्रात ‘ऱ्हायनोफोर’ म्हणतात. मराठीत घ्राणशृंग म्हणता येईल, कारण पाण्यातली रसायने हुंगणे हेच त्यांचे काम आहे. या दोन शिंगांकडे नीट पाहण्याची सवय लागली की ओळखीचे अर्धे काम झालेच म्हणायचे. ती गुळगुळीत आहेत की त्यांवर पुस्तकाच्या पानांसारखे आडवे पापुद्रे आहेत, भरीव आहेत की कानासारखी गुंडाळलेली, त्यांच्या बुडाशी म्यान आहे की नाही, प्राणी डिवचला गेला तर ती आत ओढली जातात की नुसती वाकतात, या प्रत्येक प्रश्नाचे उत्तर प्राण्याला एका गटातून दुसऱ्या गटात नेते.

भरीव शिंगे असणारा आणि प्रौढपणी कवचाचा मागमूसही नसणारा गट न्यूडिब्रँकांचा. मराठीत त्यांना नग्नक्लोमी, म्हणजे उघड्या कल्ल्यांचे प्राणी, म्हणता येते. हे नाव फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ क्युव्हिए याने १८१७ मध्ये रूढ केले आणि जगभरात या गटाच्या सुमारे ३,००० जाती मानल्या जातात. अंड्यातून बाहेर पडणाऱ्या अळीला कवच असतेच. रूपांतराच्या वेळी ते टाकले जाते. न्यूडिब्रँकांत किनाऱ्यावरच्या अभ्यासकाला दोन मोठ्या शाखा वारंवार भेटतात. डोरिड शाखेतल्या प्राण्याची पाठ बहुधा सपाट किंवा फुगीर असते आणि मागच्या टोकाकडे गुदद्वाराभोवती पिसांसारख्या कल्ल्यांचे कडे असते. बहुतेक डोरिड स्पंज खातात. हे कल्ले खिशात ओढून घेता येतात की उघडेच राहतात हा पोटगट ठरवणारा प्रश्न आहे, आणि म्हणून प्राणी शांत होऊन कल्ले पुन्हा फुलवेपर्यंत थांबणे ही नुसती सभ्यता नसून कामाची गरज आहे. एओलिड शाखेत पाठीवर कल्ल्यांचे कडे नसते. त्याऐवजी पाठभर बोटांसारखे अंकुर असतात, ज्यांना सेराटा किंवा पृष्ठांकुर म्हणतात. या प्रत्येक अंकुरात पचनग्रंथीची एक शाखा शिरलेली असते. एओलिड हायड्रॉइड आणि समुद्रफुले यांसारखे दंश करणारे प्राणी खातात, पण त्यांच्या सगळ्या दंशकोशिका पचवत नाहीत. काही न फुटलेल्या अवस्थेत अंकुरांच्या टोकांशी असलेल्या पिशव्यांत साठवून स्वतःच्या बचावासाठी वापरतात. भक्ष्याचे शस्त्र पळवून अंगावर मिरवण्याची ही कला प्राणिसृष्टीत फार थोड्यांना साधली आहे.

डोरिडांच्या शाखेत एक मोठा अपवाद आहे आणि लक्षद्वीपला जाऊन आलेल्या वाचकाला तो नक्की भेटलेला असेल. फायलिडिया कुळातल्या गोगलगायींच्या पाठीवर कल्ले नसतातच; ते प्रावाराच्या, म्हणजे शरीर झाकणाऱ्या मांसल आच्छादनाच्या, काठाखाली दडलेले असतात. निळ्या-काळ्या पट्ट्यांवर पिवळ्या गाठी असलेली फायलिडिया व्हॅरिकोझा दिवसाढवळ्या उघड्यावर फिरते, कारण तिचा चिकट स्राव विषारी असतो आणि बंद टाकीत तो इतर प्राण्यांना मारू शकतो. हाताने उचलून पाहू नये या नियमाचे हे एक स्वार्थी कारण.

न्यूडिब्रँक नसलेल्या समुद्री गोगलगायींपैकी कोकणात दोन गटांची ओळख आवश्यक आहे. पहिला सॅकोग्लॉसांचा. यांच्या रेत्रिकेवर, म्हणजे तोंडातल्या कानशीसारख्या दातेरी पट्टीवर, दातांची एकच ओळ असते आणि त्या दातांनी शैवालाची एकेक पेशी भोसकून आतला रस शोषला जातो. यातली एलिसिया ही प्रजाती पानासारखी हिरवी दिसते आणि तिच्या अंगाच्या दोन्ही कडा मिटलेल्या पानासारख्या पाठीवर येतात. ती ज्या शैवालाचा रस पिते त्यातली हरितलवके पचवण्याऐवजी स्वतःच्या पेशींत टिकवून ठेवते आणि ती काही काळ प्रकाशात कार्यरत राहतात. हा काळ जातीनुसार थोड्या दिवसांपासून काही महिन्यांपर्यंत बदलतो. ब्रायोप्सिस किंवा कॉलर्पा या हिरव्या शैवालांच्या झुबक्यात, अगदी जवळून पाहिल्याशिवाय, एलिसिया दिसणार नाही, आणि म्हणूनच तिच्या नोंदी तिच्या खऱ्या संख्येच्या मानाने कमी असतात. दुसरा गट समुद्रसशांचा. आप्लिसिया ही त्यातली प्रसिद्ध प्रजाती. तिच्या पाठीत पातळ, लवचीक कवच दडलेले असते, ती शैवाल खाते, डिवचली तर जांभळा द्रव सोडते आणि खडपावर शेवयांच्या गुंत्यासारखे अंड्यांचे धागे घालते. एरिक कँडेल यांना स्मरणशक्तीच्या पेशीय आधारावरच्या ज्या संशोधनासाठी २००० सालचे नोबेल पारितोषिक मिळाले ते आप्लिसियाच्या मोठ्या मज्जापेशींवरच झाले होते. तिची भाऊबंद बर्साटेला लीचाय मात्र चिखलाळ तळ पसंत करते, अंगभर चिंध्यांसारखे अंकुर मिरवते आणि त्यांत निळे ठिपके असतात. गाळाच्या खाडीजवळ राहणाऱ्या अभ्यासकाने जी समुद्री गोगलगाय आधी शोधावी ती ही.

गट ठरला की मोह होतो तो रंगाकडे वळण्याचा, आणि बहुतेक चुका इथेच होतात. रंगीत चित्रे असलेले पुस्तक उघडून प्राण्याशी मिळतेजुळते पान शोधायचे ही पद्धत पक्ष्यांबाबत बऱ्याच अंशी चालते. समुद्री गोगलगायींबाबत ती वारंवार दगा देते. एओलिडाच्या पृष्ठांकुरांचा रंग बहुधा त्याने अलीकडे काय खाल्ले त्यावर अवलंबून असतो, कारण पातळ कातडीतून पचनग्रंथीच दिसत असते. काही जाती एकमेकींची नक्कल करतात: विषारी असल्याची जाहिरात सामायिक केली तर माशांना धडा लवकर मिळतो आणि सर्वांचाच फायदा होतो. क्रोमोडोरिस प्रजातीवरच्या जनुकीय अभ्यासाने २०१८ मध्ये दाखवून दिले की एकाच जातीतले प्राणी वेगवेगळ्या प्रदेशांत वेगवेगळ्या रंगरूपाचे असू शकतात आणि शेजारच्या भिन्न जातीशी मात्र रंगाने जुळू शकतात. भारतीय खडपांवरचे घरगुती उदाहरण डेंड्रोडोरिस फ्युमाटा हे आहे. ही मऊ, लोळागोळा डोरिड राखाडी, काळी किंवा नारिंगी-लाल अशा तिन्ही रंगांत सापडते आणि तिचा गोंधळ डेंड्रोडोरिस नायग्रा या जवळच्या जातीशी होतो, जिचा रंगही वयाप्रमाणे बदलतो. दोघींना रेत्रिका नसते. दोघी स्पंज शोषून खातात. त्यामुळे इतर डोरिडांत निर्णायक ठरणारे दातांचे लक्षण इथे उपयोगी पडत नाही. उपयोगी पडतात ते कल्ले: फ्युमाटाचे कल्ले मोजके, मोठे आणि फुलले की पाठीच्या काठापर्यंत पोहोचणारे असतात, तर नायग्राचे लहान आणि आटोपशीर. म्हणजे काळी गोगलगाय आणि लाल गोगलगाय एकाच जातीच्या निघू शकतात, आणि दोन काळ्या गोगलगायी वेगळ्या जातींच्या. रंग अर्थात टिपून ठेवायचाच. निर्णयासाठी मात्र तो सर्वांत शेवटी विचारायचा.

रंगाविषयीचा हा सावधपणा विषयाच्या इतिहासातही दडलेला आहे. समुद्री गोगलगाय मद्यार्कात टाकली की आक्रसते, रंग जातो आणि उरतो तो एक फिकट गोळा, ज्यावरून जिवंत प्राण्याची कल्पना करणे जवळपास अशक्य असते. म्हणून एकोणिसाव्या शतकातल्या अभ्यासकांना नमुन्याइतकीच जिवंत प्राण्यावरून काढलेल्या चित्रांची गरज भासे. श्रीलंकेत डॉक्टर एडवर्ड केलार्ट याने १८५८ च्या सुमारास तिथल्या न्यूडिब्रँकांची वर्णने प्रसिद्ध केली. भारताच्या पूर्व किनाऱ्यावर मद्रास सरकारचा अधिकारी वॉल्टर इलियट याने वॉल्टेअर, म्हणजे आजच्या विशाखापट्टणमच्या परिसरात गोगलगायी जमवल्या आणि जोशुआ ऑल्डर व अल्बनी हँकॉक या इंग्रज जोडीने १८६४ मध्ये त्यांची वर्णने केली; कलिंगा ही सुरेख नावाची प्रजाती त्याच संग्रहातून शास्त्रात आली. हा इलियट मराठी वाचकाला अगदीच परका नाही, कारण त्याआधी तो धारवाडकडच्या दक्षिण मराठा मुलखात नोकरीला होता आणि त्या मुलखातल्या सस्तन प्राण्यांची यादी त्याने १८३९ मध्ये प्रसिद्ध केली होती. पुढे १९०६ मध्ये चार्ल्स इलियट याने केलार्टची चित्रे आणि न्यूकॅसलच्या संग्रहालयात जपलेले ऑल्डर-हँकॉकचे नमुने समोरासमोर ठेवून दक्षिण भारत व श्रीलंकेच्या न्यूडिब्रँकांचा नव्याने हिशेब मांडला. हा दुसरा इलियट पेशाने मुत्सद्दी, पूर्व आफ्रिकेत ब्रिटिश आयुक्त आणि नंतर जपानमध्ये राजदूत, आणि हिंदू व बौद्ध धर्मांवरचा त्याचा तीन खंडांचा ग्रंथ १९२१ मध्ये निघाला. कोपनहेगनचा रुडॉल्फ बर्ग, ज्याने या प्राण्यांच्या अंतर्रचनेवर अपार लिहिले, तो गुप्तरोगांचा डॉक्टर होता. या शास्त्राचा पाया घालणाऱ्यांत नोकरी सांभाळून काम करणाऱ्यांचा भरणा किती मोठा आहे हे हौशी अभ्यासकाने लक्षात ठेवण्यासारखे आहे.

या इतिहासाचा एक परिणाम आजच्या ओळखीवर थेट होतो. कोकणात सापडणाऱ्या अनेक गोगलगायींना लावली जाणारी नावे मुळात तांबड्या समुद्रातल्या, श्रीलंकेतल्या किंवा पॅसिफिकमधल्या प्राण्यांना दिलेली आहेत. डेंड्रोडोरिस फ्युमाटाचे नावच तांबड्या समुद्रातून आले. ती नावे इथल्या प्राण्याला लागू होतात हे दीर्घकाळ गृहीत धरले गेले, तपासले गेले नाही. बर्गने १८८८ मध्ये ‘इंडिका’ असे जातिनाम दिलेली एक एओलिड पुढे जगातल्या सर्व उष्ण समुद्रांत आढळणारी एकच जाती समजली जाऊ लागली. २०१४ मध्ये ती ज्यात मोडते त्या अँटिओलिडिएला या प्रजातीची शरीररचना आणि डीएनए या दोन्ही अंगांनी तपासणी झाली तेव्हा त्या एका नावाखाली अनेक जाती दडलेल्या निघाल्या आणि तीन जाती नव्याने वर्णिल्या गेल्या. त्यांपैकी एकीला कच्छच्या आखातातल्या पोशित्रा या ठिकाणावरून पोशित्रा असेच नाव मिळाले, आणि त्या शोधनिबंधाच्या लेखकांत मराठी नावे आहेत. २०२० मध्ये पश्चिम भारतातून क्रॅटेना या एओलिड प्रजातीच्या दोन नव्या जातींचे वर्णन झाले. म्हणजे ज्या किनाऱ्यावर रोज माणसे कालवे फोडतात आणि खुबे वेचतात, तिथल्या गोगलगायींना स्वतःची नावे मिळण्याचे काम आता कुठे सुरू झाले आहे.

या कामाला अलीकडे वेग आला तो मुख्यतः मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या अभ्यासकांमुळे. दीपक आपटे यांच्या भारतीय शंखांवरील पुस्तकानंतर २००९ मध्ये लक्षद्वीपच्या आणि २०१० मध्ये सहकाऱ्यांसह कच्छच्या आखातातल्या समुद्री गोगलगायींच्या सचित्र याद्या प्रसिद्ध झाल्या, आणि त्यांत भारतासाठी नव्या असलेल्या डझनावारी नोंदी होत्या. एवढ्या नव्या नोंदी एकदम निघाव्यात याचा अर्थ प्राणी नवे आले असा नसून पाहणारे नव्हते असा आहे. २०१७ पासून ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’ या नागरिकांच्या उपक्रमाने हाजी अली, गिरगाव, जुहू अशा गजबजलेल्या किनाऱ्यांवर ओहोटीच्या फेऱ्या काढून हे आणखी ठळक केले: सांडपाणी मिसळणाऱ्या पाण्यातही न्यूडिब्रँक, समुद्रससे आणि प्रवाळ जगत होते. मुंबईच्या सागरी किनारा मार्गाच्या कामात २०२० मध्ये हाजी अली आणि वरळी इथले प्रवाळ हलवण्याची वेळ आली तेव्हा तिथे प्रवाळ आहेत हेच अनेकांना प्रथम कळले. उरण-पनवेल पट्ट्यात बंदर, सेतू आणि विमानतळ यांनी किनारा झपाट्याने बदलत असताना तिथल्या खडपांची अशी पाहणी होणे अधिक निकडीचे आहे.

जुन्या आणि नव्या पुस्तकांतला शब्दभेदही इथेच सांगायला हवा. १९८० वा १९९० च्या दशकातल्या पुस्तकांत हे सर्व प्राणी ‘ओपिस्थोब्रँक’, म्हणजे पश्चक्लोम, या एका शीर्षकाखाली असतात. जनुकीय पुराव्यांनंतर, साधारण २०१० पासून, हा गट नैसर्गिक नाही हे मान्य झाले आणि ते शीर्षक औपचारिक वर्गीकरणातून गेले. २०१२ मध्ये क्रोमोडोरिड कुळाची फेरमांडणी होऊन अनेक जातींची प्रजातिनामे बदलली. म्हणून जुन्या पुस्तकातले ‘क्रोमोडोरिस’ आणि नव्या यादीतले ‘गोनिओब्रँकस’ हा एकच प्राणी असू शकतो. अशा वेळी जातिनाम, वर्णनकर्ता आणि वर्ष या तीन गोष्टी जुळवून पाहिल्या की घोळ सुटतो.

प्रत्यक्ष पाहणीत वेळेचे गणित समुद्राच्या हाती असते. किनाऱ्यावरचे लोक तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात: पौर्णिमा किंवा अमावास्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे दुपारी बाराच्या आधी भरती, आणि त्यानुसार उधाणाची मोठी ओहोटी पहाटे आणि सायंकाळी. खडपाचा सर्वांत खालचा, नेहमी पाण्याखाली राहणारा भाग याच वेळी उघडा पडतो आणि गोगलगायी तिथेच असतात. अष्टमीच्या आसपासच्या भांगाला, म्हणजे लहान भरती-ओहोटीच्या दिवसांत, पाणी फारसे ओसरत नाही, त्या दिवशी जाऊन हाती काही लागत नाही. मालवणात तरंगत पाहणाऱ्याचे गणित वेगळे: त्याला पाणी स्वच्छ हवे, आणि तशी स्वच्छता पावसाळ्यात मिळत नाही.

प्राणी दिसला की तो जिथे आहे तिथेच त्याची छायाचित्रे घ्यावीत. एक वरून, एक बाजूने, एक डोक्याकडून जेणेकरून शिंगांचे पापुद्रे दिसतील, आणि एक मागून, कल्ले फुललेले असताना. शेजारी मोजपट्टी किंवा परिचित आकाराची वस्तू असावी, कारण प्रकाशचित्रात पाच मिलिमीटर आणि पाच सेंटिमीटर सारखेच दिसतात. त्याहून महत्त्वाचे, आणि बहुधा राहून जाणारे छायाचित्र म्हणजे प्राणी ज्यावर बसला आहे त्याचे. डोरिड ज्या स्पंजावर आहे, एओलिड ज्या हायड्रॉइडवर आहे, ते तिचे जेवण असण्याची शक्यता मोठी असते आणि जेवण कळले की संशयितांची यादी एकदम आखूड होते. जवळपास अंड्यांची फीत असेल तर तिचीही नोंद हवी. समुद्री गोगलगायी उभयलिंगी असल्याने कोणत्याही दोन प्रौढांची भेट अंड्यांपर्यंत जाऊ शकते, आणि फितीची गुंडाळी, रंग व जाडी गटानुसार ठरलेली असते. तारीख, ठिकाण, पाण्याची खोली, तळाचे स्वरूप आणि भरती-ओहोटीची स्थिती या गोष्टी छायाचित्राबरोबर लिहून ठेवल्या नाहीत तर उत्तम चित्राचीही शास्त्रीय किंमत फार उतरते.

एवढे करूनही पुष्कळदा नाव जातीपर्यंत पोहोचत नाही. खात्रीचा निर्णय रेत्रिकेच्या दातांवर, जननेंद्रियांच्या अंतर्रचनेवर किंवा डीएनएच्या ठरावीक तुकड्याच्या तुलनेवर अवलंबून असतो, आणि या तिन्हींसाठी नमुना, प्रयोगशाळा व परवानगी लागते. मालवण अभयारण्यात परवानगीशिवाय काहीही उचलता येत नाही, आणि प्रवाळांना तर वन्यजीव संरक्षण कायद्याचे कडक संरक्षण आहे. म्हणून छायाचित्रावरून केलेल्या ओळखीत प्रजातिनामापुढे ‘एसपी.’ लिहिणे, म्हणजे प्रजाती कळली पण जाती ठरली नाही असे सांगणे, किंवा ‘सीएफ.’ लिहिणे, म्हणजे अमुक जातीशी साम्य आहे पण पडताळा बाकी आहे असे सांगणे, यात कमीपणा काही नाही. उलट जातीचे चुकीचे नाव एकदा यादीत शिरले की ते पुढच्या याद्यांत उतरत राहते आणि ते बाहेर काढायला पिढी लागते. ‘इंडिका’चे उदाहरण वर दिलेच आहे.

पनवेल, उरण आणि अलिबाग इथल्या महाविद्यालयांतून प्राणिशास्त्र शिकणाऱ्या विद्यार्थ्यांनी मालवणच्या सहलीची वाट न पाहता जवळच्या एकाच खडपाची, वर्षभर, प्रत्येक उधाणाच्या ओहोटीला पाहणी करावी, नाव न लागलेल्या प्राण्याचीही नोंद तारखेसह जपावी, उलटलेला प्रत्येक दगड पुन्हा जसा होता तसा ठेवावा आणि ओळखीची सुरुवात खाडीतल्या त्या मळकट ऑन्किडिअमपासूनच करावी.